कोरडं हवामान, बेताचं ऊन आणि जोराचा वारा: विदर्भातल्या शेतकऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा ते होळीच्या मागचे-पुढचे दिवस. पळस फुललेला, हरभरा सोंगणीला (कापणीला) आलेला, गव्हात दाणा भरतो आहे, आणि हवामान पत्रकात सलग पाच दिवस तेच: पावसाची शक्यता नाही, तापमान सरासरीच्या आसपास, वारे जोराचे. मंगळवारी आणि शुक्रवारी निघणारं कृषी हवामान पत्रक मी गावात पारावर वाचून दाखवतो. 'पाऊस नाही' एवढं ऐकलं की अर्धी माणसं उठतात. माझं म्हणणं असं की अशा आठवड्यात वाऱ्याचा रकाना सगळ्यांत आधी वाचला पाहिजे. सोंगणी, ओलित (पिकाला पाणी देणं), फवारा, मळणी, धुऱ्यावरचा (बांधावरचा) कचरा, सगळं त्यावर ठरतं. पारावर आणि वावरात पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

'हवामान कोरडे राहील' म्हणजे आमच्या गावातही पाऊस नाही, असं धरायचं का?

हो. हवामान खात्याने देशाचे 36 उपविभाग पाडले आहेत, त्यांतला एक विदर्भ. बुलडाण्यापासून गडचिरोलीपर्यंतचे 11 जिल्हे त्यात येतात. सगळ्या विभागात कुठेच पाऊस अपेक्षित नसेल तेव्हा 'कोरडे' लिहितात. 'तुरळक ठिकाणी' असेल तर चौथ्या हिश्श्यापर्यंत केंद्रांवर, 'काही ठिकाणी' असेल तर त्याहून जास्त पण निम्म्यापर्यंत केंद्रांवर पाऊस अपेक्षित असतो. म्हणून 'तुरळक' आलं की सावध, 'कोरडे' आलं की पावसापुरते निश्चिंत. पावसापुरतेच, हे मात्र लक्षात असू द्या.

ढग नाही, पाऊस नाही, मग एवढा वारा येतो कुठून?

या दिवसांत उत्तरेकडून एकामागून एक पश्चिमी झंझावात, म्हणजे पश्चिमेकडून येणारे कमी दाबाचे पट्टे, जातात. ते हिमालयात बर्फ टाकतात, आपल्याकडे बहुतेक वेळा त्यांचं शेपूटही पोचत नाही. पण ते पुढे सरकले की मागे राजस्थान-मध्य प्रदेशाकडे हवेचा दाब वाढतो, दक्षिणेकडे तो कमी असतो, आणि हवा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे धावते. जमिनीवरून आलेली असल्यामुळे ती कोरडी. सातपुडा ओलांडून आली तरी तिच्यात बाष्प कुठून येणार?

दुसरी गोष्ट रोज डोळ्यांसमोर घडते. सकाळी आठपर्यंत पानही हलत नाही, दहा-अकराला वारा सुटतो, दुपारी दोन ते चारच्या दरम्यान भर असतो आणि दिवस मावळला की पडतो. जमिनीपासून काही शे मीटर वर वारा रात्रीसुद्धा जोरातच असतो. रात्री जमीन थंड होते, तिच्याजवळची हवा थंड आणि जड होऊन खाली बसते, त्यामुळे वरचा वारा खाली पोचत नाही. ऊन चढलं की काळी जमीन तापते, खालची हवा वर उठते, वरची वेगवान हवा खाली येते. तेव्हा ज्या कामाला वारा नको ते पहाटे ते सकाळी नऊपर्यंत उरका. या एका सवयीने निम्मी अडचण मिटते.

सकाळी अंगावर शाल आणि दुपारी चटका, हे कसं?

कोरड्या, निरभ्र हवेत जमिनीची उष्णता रात्री लवकर निघून जाते. अडवायला ढग नसतो, बाष्पही नसतं. नागपुरात फेब्रुवारीचं सरासरी कमाल तापमान 32 अंशांच्या आसपास आणि किमान 15 च्या आसपास असतं, म्हणजे 16-17 अंशांचा फरक नेहमीचाच. ज्या रात्री वारा चालू राहतो त्या रात्री गारठा उलट कमी असतो, कारण हवा घुसळत राहते.

वेग ताशी 30 किलोमीटर, हे ओळखायचं कसं? आमच्याकडे यंत्र नाही.

डोळे पुरतात. पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलत असतील आणि बांधलेला पातळ कपडा फडकत असेल तर वारा 12 ते 19 च्या घरात. पांदणीतली धूळ आणि पालापाचोळा उडायला लागला की 20 ते 28. लहान झाडं अख्खी डोलायला लागली की 29 ते 38. निंबाच्या मोठ्या फांद्या हलतात आणि विजेच्या तारा शीळ घालतात, तेव्हा 39 ते 49. त्यापुढे वाऱ्यासमोर चालणं जड जातं.

दोन गोष्टी विसरू नका. पत्रकात दिलेला वेग सरासरी असतो आणि जमिनीपासून 10 मीटर उंचीचा असतो. अधूनमधून येणारे झोत त्याहून बरेच जोराचे असतात, आणि टिना उडतात त्या झोतांनीच. आणि वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. 20 चा वारा 40 झाला की रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो.

दिशा 320 अंश लिहिली आहे. वारा तिकडे जातो की तिकडून येतो?

तिकडून येतो. 0 किंवा 360 म्हणजे उत्तर, 90 पूर्व, 180 दक्षिण, 270 पश्चिम. 320 म्हणजे वायव्येकडून.

फवारा मारायचा आहे आणि वारा सुटला आहे. वारा पाठीवर घेऊन मारला तर चालतं ना?

चालत नाही. हा समज आपल्याकडे घट्ट बसला आहे, आणि तो जीवघेणा आहे. वारा पाठीवर घेतला की तुषार समोर जातात आणि तुम्ही त्याच तुषारांत, त्याच ओल्या पानांत पाऊल टाकत पुढे जाता. बरोबर रीत अशी: वारा अंगावर आडवा येईल अशा ओळी धरा, आणि वारा ज्या बाजूने वावराबाहेर जातो त्या धुऱ्यापासून सुरुवात करा. प्रत्येक ओळीनंतर तुम्ही वाऱ्याच्या बाजूला, स्वच्छ हवेकडे सरकता, औषध मागे राहतं.

पानं हळू हलतात एवढा वारा फवाऱ्याला चांगला. ताशी 15 किलोमीटरच्या वर गेला की पंप खाली ठेवा. औषध पिकावर पडत नाही, शेजारच्या वावरात, गुरांच्या चाऱ्यावर आणि तुमच्या तोंडावर पडतं. अगदी पहाटे हवा पूर्ण ठप्प असते तेव्हाही थांबा. बारीक तुषार खाली न बसता तरंगत राहतात. सूर्य थोडा वर आला, पान हलायला लागलं, ही वेळ.

2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. ते दिवस पावसाळ्याचे होते, पीक डोक्याएवढं होतं, कारणंही अनेक होती. पण तुषार अंगावर येणं हे त्यातलं मुख्य. मजुराला मास्क, चष्मा, हातमोजे देणं मालकाचं काम आहे, आणि 'आज वारा आहे, आज नको' असं म्हणण्याची मुभा मजुराला असली पाहिजे. दिवसाची मजुरी बुडू नये म्हणून माणूस बोलत नाही. त्या दिवशी त्याला दुसरं काम द्या.

गव्हाला शेवटचं पाणी द्यायचं आहे. वाऱ्यात दिलं तर?

दाणा भरताना ओंबी जड असते. पाणी दिलं की मुळाजवळची काळी माती लोण्यासारखी मऊ होते, आणि त्याच दुपारी 30-35 चा वारा आला की गहू झोपतो. झोपलेल्या गव्हात दाणा बारीक राहतो, हार्वेस्टरला तो नीट उचलता येत नाही. पुढल्या तीन दिवसांचा वारा बघा. जोर कमी होणार असेल तर थांबा. थांबणं शक्य नसेल, जमीन भेगाळली असेल, तर दिवस मावळल्यावर हलकं पाणी द्या, वाफा तुडुंब भरू नका. सकाळपर्यंत वरची माती थोडी आवळते.

स्प्रिंकलर दुपारी लावूच नका. अर्धं पाणी शेजाऱ्याला जातं आणि उरलेलं उडून जातं. शेतीची वीज पाळीने येते, दिवसाची पाळी असेल तर इलाज नसतो हे मला मान्य आहे. मग नोझल खाली घ्या आणि वारा सुटायच्या आधीचे तास वापरा.

थंडी संपली, पण ऊन काही फार नाही. तरी जमीन एवढ्या लवकर कशी सुकते?

ऊन, हवेतला कोरडेपणा आणि वारा, तिघे मिळून पाणी ओढतात. पानाभोवतीची ओलसर हवा वारा उडवून नेतो आणि तिथं नवी कोरडी हवा आणतो. एका एकरावर 1 मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे 4 हजार लिटर. वाऱ्यामुळे दिवसाला 2 मिलिमीटर जास्त उडालं तर एकरी 8 हजार लिटर गेलं. भाजीपाला आणि उन्हाळी मूग-भुईमूग असलेल्यांनी पाळीचे दिवस मोजण्यापेक्षा माती उकरून बघावी: चार बोटं खाली मूठभर माती दाबली आणि गोळा झाला तर ओल आहे, भुगा झाला तर पाणी द्या. झाडाभोवती कुटाराचं (मळणीतल्या भुश्शाचं) किंवा गव्हांड्याचं आच्छादन टाकलं तर वारा जमिनीला लागतच नाही.

हरभरा कधी सोंगायचा? घाटे फुटतात.

पहाटे. रात्रीच्या थोड्याशा दवाने घाटे नरम असतात. अकरानंतर कोरड्या वाऱ्यात विळा लावला की दाणे तिथंच गळतात. सोंगलेल्या हरभऱ्याची सुडी (रचलेला ढीग) लगेच लावा, वर ताडपत्री टाका आणि ती दोरीने खाली खुंट्यांना बांधा. नुसते दगड ठेवलेली ताडपत्री वारा घेऊन जातो. तुरीलाही हेच लागू.

मळणीच्या दिवशी वारा असेल तर काय बघायचं?

इथे जरा थांबून वाचा, कारण या आठवड्यांत आपल्या भागात सगळ्यांत मोठं नुकसान वाऱ्याने होत नाही, वाऱ्याने पसरवलेल्या आगीने होतं. वर्षभराची मेहनत एका दुपारी जाते.

मळणीयंत्र असं लावा की कुटार वाऱ्याच्या दिशेने दूर पडेल आणि ट्रॅक्टरचं सायलेन्सर सुडीच्या वाऱ्याकडच्या बाजूला येणार नाही. सायलेन्सरमधून ठिणगी निघाली तर ती मोकळ्या जमिनीवर पडली पाहिजे. दर तासाला यंत्र बंद करून हात लावता येईल एवढं थंड झाल्यावर सायलेन्सरवर, पुलीवर, बेअरिंगपाशी साचलेलं कुटार झाडून काढा. ग्रीस संपलेलं बेअरिंग तापून लाल होतं आणि त्यावरचं बारीक कुटार धुमसायला लागतं. धूर दिसायच्या आधी जळका वास येतो. तो वास आला की यंत्र बंद, प्रश्न नंतर. खळ्यावर पाण्याने भरलेला ड्रम, ओली पोती आणि दोन फावडी ठेवा. बिडी खळ्यापासून लांब.

सगळा माल एका मोठ्या गंजीत ठेवू नका. दोन-तीन लहान गंज्या अंतर सोडून लावा आणि प्रत्येकीभोवती दहा-पंधरा फूट वखरून काळी माती उघडी करा. जाळ चालत येतो तो वाळक्या गवतावरून, माती उघडी असली की थांबतो.

आग लागलीच तर जाळाच्या समोर, वाऱ्याच्या पुढे उभं राहू नका. बाजूने या, जळून गेलेल्या भागाकडून या. ट्रॅक्टर असेल तर जाळाच्या बऱ्याच पुढे पट्टा नांगरा. 101 किंवा 112 ला फोन आधी करा, मग धावा. माल वाचवायला जाळात शिरू नका.

पऱ्हाटी (कपाशीची वाळकी झाडं) आणि धुरे पेटवायचे आहेत. संध्याकाळी वारा पडल्यावर चालेल?

माझा आग्रह आहे की पेटवूच नका. गुलाबी बोंडअळीसाठी पऱ्हाटी वावरातून काढलीच पाहिजे, ते बरोबर. पण तिचा भुगा करून जमिनीत घातला तर अळीही मोडते आणि जमिनीला सेंद्रिय माल मिळतो. गावात श्रेडर नसेल तर चार-पाच जणांनी मिळून भाड्याने आणावा. संध्याकाळी पेटवलेला धुरा रात्रभर धुमसतो, आणि दुसऱ्या दिवशी अकरा वाजता वारा सुटला की तीच राख शेजाऱ्याच्या गव्हात उडते. संध्याकाळी वारा पडला म्हणून निर्धास्त झालेल्या माणसाची आग दुसऱ्या दिवशी दुपारी लागते.

मोहफुलं वेचण्यासाठी झाडाखालचा पाला जाळतात. त्याचं काय?

गोंदिया, गडचिरोली, मेळघाट, चंद्रपूर, सगळीकडे हे चालतं, आणि ज्यांचं पोट मोहावर आहे त्यांना नुसतं 'जाळू नका' म्हणणं सोपं आहे. पाला झाडून बाजूला करा, झाडाखाली जुन्या साड्या किंवा नेट अंथरा. फुलं मातीत पडत नाहीत, स्वच्छ राहतात आणि भाव बरा येतो. वन विभाग 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वणव्यांचा काळ धरतो. राखीव जंगलात आग लावणं भारतीय वन अधिनियम 1927 प्रमाणे गुन्हा आहे. धूर दिसला तर वन विभागाचा 1926 हा क्रमांक लावा.

होळी कुठे रचायची?

गंज्या, गोठे, कवेलू-कुडाची घरं आणि विजेच्या तारांपासून लांब, आणि त्या दिवशीच्या वाऱ्याच्या दिशेला मोकळं मैदान येईल अशी. लहान रचा. रात्री घरी जाताना निखारे पाण्याने विझवून जा, सकाळी वारा सुटेल.

संत्र्याचा अंबिया बहार (थंडी ओसरताना येणारा फुलोरा) गळतो आहे. वाऱ्यामुळे का?

वारा आणि कोरडी हवा, दोन्ही. वरूड, मोर्शी, काटोल, नरखेडच्या पट्ट्यात या वेळी फुलं सुटून मुगाएवढी फळं धरलेली असतात. देठ नाजूक असतो, पानातून पाणी झपाट्याने जातं, झाड भार टाकतं. काही गळ ही नैसर्गिकच, प्रत्येक फूल टिकत नाही. ओलित थोडं थोडं आणि नियमित ठेवा. दहा दिवस कोरडं ठेवून एकदम भरपूर पाणी दिलं तर गळ वाढते. संजीवकं (झाडाची वाढ-गळ नियंत्रित करणारी औषधं) दुकानदाराच्या सांगण्यावरून मारू नका, नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेचा किंवा कृषी विद्यापीठाचा सल्ला घ्या. खरा उपाय लांबचा आहे: पश्चिम आणि उत्तर धुऱ्यावर शेवरी, बांबू, सुरू यांची दाट ओळ. अशी ओळ आपल्या उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत वारा मोडते. पंधरा फुटांची ओळ असेल तर दीडशे फूट. अंजनगाव सुर्जीच्या पानमळेवाल्यांना हे सांगावं लागत नाही, ते पिढ्यान्‌पिढ्या शेवरीच्या आडोशानेच पानवेल जगवतात.

टिनावर दगड ठेवले आहेत, पुरे ना?

दगड काढा. वारा टिन खालून उचलतो, आणि उचललेल्या टिनावरचा दगड खाली झोपलेल्या लेकरावर पडतो. अशी बातमी येते तेव्हा गाव हळहळतं आणि पुढच्या वर्षी दगड तिथंच असतात. कडेच्या दोन रांगा आधी बघा, वारा तिथूनच धरतो. वाकड्या बोल्टला वायसर आणि डांबरी चकती आहे का, भोक मोठं झालं आहे का, लाकूड किडलं आहे का. बोल्ट नसेल तर जाड तार टिनावरून घेऊन वाश्याला आणि वासा भिंतीतल्या खुंटीला बांधा.

तारा एकमेकांना लागून ठिणग्या पडतात. लाइनमन येत नाही.

दिवसा तारेखालची जमीन बघा: जळालेल्या गवताचे काळे ठिपके असतील तर ठिणग्या पडताहेत. फोटो काढा, खांबाचा क्रमांक घ्या, 1912 वर तक्रार नोंदवून तक्रार क्रमांक लिहून ठेवा, ग्रामपंचायतीचं पत्र जोडा. बांबूने तारा वेगळ्या करायला जाऊ नका. त्या पट्ट्यातलं पीक आधी सोंगा आणि तारेखाली सुडी लावू नका. कुटाराची उंच ट्रॉलीही तिथून नेऊ नका.

मोबाईलवर तीन ठिकाणी तीन अंदाज दिसतात. खरा कोणता?

'मेघदूत' आणि 'मौसम' ही हवामान खात्याची ॲप्स आहेत, विजेसाठी 'दामिनी' आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा सल्ला पिकानुसार असतो, म्हणून मी तोच वाचतो. बाकीची बरीच ॲप्स संगणकाच्या प्रारूपाचा आकडा तसाच दाखवतात. मे 2025 पासून हवामान खात्याचं 'भारत फोरकास्ट सिस्टम' हे प्रारूप 6 किलोमीटरच्या चौकटीत अंदाज काढतं. तरी त्या चौकटीत तुमची टेकडी, तुमचा नाला येत नाही. डोंगराच्या खिंडीत वारा जास्त असतो, आडोशाला कमी. महिनाभर अंदाज आणि स्वतःचं वावर शेजारी शेजारी लिहून ठेवलं की किती कमी-जास्त धरायचं ते कळतं.

वाऱ्याने नुकसान झालं तर?

पंचनाम्याआधी काही आवरू नका, फोटो आणि व्हिडिओ काढा. तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी) आणि कृषी सहायकाला (आता सहायक कृषी अधिकारी) त्याच दिवशी लेखी कळवा. विम्यात कोणतं नुकसान धरतात हे हंगामानुसार बदलतं, तेव्हा या वर्षीची पावती आणि अटी वाचा.

होळीच्या धुरावरून, वाऱ्यावरून यंदाचा पाऊस कळतो म्हणतात.

अशी निरीक्षणं गावोगाव आहेत, आणि अक्षय्य तृतीयेला बुलडाणा जिल्ह्यातल्या भेंडवळच्या घटमांडणीकडे अख्खा वऱ्हाड कान लावून असतो. त्या श्रद्धेचा मी मान ठेवतो. पण बियाणं आणि कर्ज याचा निर्णय हवामान खात्याच्या एप्रिलमधल्या आणि मेअखेरच्या मोसमी अंदाजावर करा. फाल्गुनातल्या वाऱ्याचा आणि मृगाच्या पावसाचा थेट संबंध लावता येत नाही.

हे कोरडं-वाऱ्याचं चक्र मोडणार हे आधी कसं ओळखायचं?

वाऱ्याची दिशा बघा. वायव्य-उत्तरेचा वारा फिरून दक्षिण किंवा आग्नेयेचा झाला, रात्रीचा गारठा एकाएकी गेला, सकाळी अंग चिकट वाटायला लागलं, की बंगालच्या उपसागराचं बाष्प पोचलं समजा. त्यात उत्तरेकडून झंझावात आला की मेघगर्जना आणि गारपीट होते. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भासह महाराष्ट्रात अशाच दिवसांत गारांनी रब्बी झोपवली. पिवळा इशारा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे लगेच हालचाल करा. वारा फिरल्याचं दिसलं की इशाऱ्याची वाट न बघता सोंगलेला हरभरा घरी आणा, खळ्यावरचा गहू झाका, आणि दुपारनंतर गुराख्याला झाडाखाली थांबू देऊ नका.